रशियन पत्र्याच्या मागावर

सॅक्रामेंटो ही कॅलिफोर्नियाची राजधानी असली, तरी अमेरिका बघायला निघालेल्या मराठी माणसाच्या यादीत ती क्वचितच असते. बे एरियात मुलांकडे आलेले आईवडील गोल्डन गेटचा पूल बघतात, योसेमिटीला जाऊन येतात आणि लेक टाहोच्या वाटेवर सॅक्रामेंटोत फार तर गाडीत पेट्रोल भरतात. मला मात्र सॅक्रामेंटोपासूनच सुरुवात करायची होती, कारण मी एका पत्र्याचा माग काढत होतो. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “मामा, पत्रा बघायला तू एवढ्या लांब जाणार?” मग गाडी चालवायला तोच आला.

जुनं सॅक्रामेंटो नदीकाठी आहे. लाकडी फळ्यांचे पदपथ, विटांच्या दुमजली इमारती, दुकानांवर जुन्या वळणाच्या पाट्या. या पेठेच्या टोकाला कॅलिफोर्निया स्टेट रेलरोड म्युझियम आहे. आत शिरल्यावर ‘गव्हर्नर स्टॅनफर्ड’ भेटतं. सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचं हे पहिल्या क्रमांकाचं इंजिन १८६२ साली फिलाडेल्फियाच्या नॉरिस कारखान्यात तयार झालं. तेव्हा देश ओलांडणारी रेल्वे नव्हती आणि पनामाचा कालवाही नव्हता. त्यामुळे रेल्वे बांधायला लागणारं इंजिन जहाजावर चढवून दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला वळसा घालून इथं आणावं लागलं.

याच संग्रहालयात ‘एम्पायर’ आहे. १८७३ सालचं हे इंजिन बाल्डविन कारखान्याचं. नेवाडातल्या चांदीच्या खाणींसाठी बांधलेल्या व्हर्जिनिया अँड ट्रकी रेल्वेवर ते धावत असे. त्याच्याभोवती आरसे लावलेत, म्हणजे जागेवर उभं राहून सगळ्या बाजू दिसतात. बहुतेकांची नजर पितळी घंटेवर आणि नक्षीवर जाते. माझी नजर होती बॉयलरच्या पोटावर. तिथं लाल, हिरवा, काळा असा कुठलाच रंग नाही. राखाडी, किंचित निळसर झाक असलेला गुळगुळीत पत्रा, आणि ठरावीक अंतरावर पितळेच्या पट्ट्या.

वाफेच्या इंजिनाचा खरा बॉयलर आपल्याला दिसत नाही. रिव्हेट ठोकून जोडलेल्या जाड पत्र्यांचं ते नळकांडं आत असतं. दर चौरस इंचाला १३० पौंड दाब असला, तर आतली वाफ सुमारे १८० अंश सेल्सिअसला असते. ही उष्णता बाहेर वाया जाऊ नये म्हणून बॉयलरभोवती एके काळी लाकडी पट्ट्या बसवत, नंतर खनिज तंतूंचे थर आले. त्यावरून पातळ पत्रा गुंडाळायचा. रेल्वेवाले त्याला ‘जॅकेट’ म्हणतात. दोन पत्र्यांचा सांधा जिथं येईल, तिथं वरून पितळी पट्टी आवळायची. म्हणजे त्या चकचकीत पट्ट्या नुसत्या नटण्यासाठी नव्हत्या, त्या सांधे झाकत होत्या.

ब्रिटिश इंजिनांवर हा बाहेरचा पत्रा रंगवण्याची रीत होती. कंपनीचा जो रंग असेल तो, वरून वॉर्निशचे हात. आपल्याकडे १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे धावलेली इंजिनं इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीतून आलेली, त्यामुळे आपल्या डोळ्यांना तीच रीत सवयीची. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन कारखानदारांनी मात्र चाकं, केबिन, टेंडर यांवर रंगांची उधळण केली आणि बॉयलरचा पत्रा तसाच उघडा ठेवला. कारण त्यांना असा पत्रा मिळत होता ज्याला रंगाची गरजच नव्हती. अमेरिकन कागदपत्रांत त्याचं नाव ‘रशिया आयर्न’ असं येतं. बाल्डविन कारखाना गिऱ्हाइकाला इंजिनाचा तपशील द्यायचा, त्यात बॉयलरवर लाकडी आवरण, त्यावर रशियन पत्रा आणि पितळी पट्ट्या, हे ठरलेलं असे.

हा पत्रा उरल पर्वताच्या परिसरात तयार होई. देमिदोव घराण्याचे निझ्नी तागीलचे कारखाने आणि येकातेरिनबुर्गजवळचा वेर्ख-इसेत्स्कचा कारखाना ही त्यातली मोठी नावं. तिथं चांगलं लोहखनिज होतं, इंधनाला अफाट जंगल होतं आणि घण चालवायला नद्यांवर बांध घालून अडवलेलं पाणी होतं. दगडी कोळशातली गंधकासारखी अशुद्धी लाकडाच्या कोळशात नसते, म्हणून लोणारी कोळशावर गाळलेलं हे लोखंड मऊ आणि चिवट निघे.

आता खरी करामत. लाटून पातळ केलेले पत्रे एकावर एक रचायचे आणि प्रत्येक दोन पत्र्यांमध्ये लोणारी कोळशाची पूड भुरभुरायची. ही चळत बांधून भट्टीत कित्येक तास तापवायची. बाहेर काढली की जड घणाखाली सगळी चळत एकदम ठोकायची. मग पत्रे सुटे करून पुन्हा रचायचे, या वेळी तापलेल्या पत्र्यांमध्ये आधी तयार झालेले थंड पत्रे घालायचे, आणि रुंद, गुळगुळीत तोंडाच्या घणाखाली पुन्हा ठोकायचे. लोखंड तापलं की त्यावर ऑक्साइडची काळी खपली धरतेच. एरवी तिचे पोपडे निघतात आणि खालून गंज चढतो. इथं कोळशाच्या पुडीमुळे हवा बेतानं मिळे, खपली पातळ आणि दाट बने, आणि घणाच्या माऱ्यानं ती लोखंडात मुरून बसे. हे मॅग्नेटाइट. पत्रा वाकवला, पुन्हा सरळ केला तरी ते सुटत नसे. पत्रा चांगला की वाईट, याची परीक्षाही वाकवूनच होई.

पुण्याच्या तांबट आळीत ज्यांनी मठारकाम पाहिलंय त्यांना हे पटकन कळेल. हंड्याला बाहेरून काही फासून चकाकी येत नाही. हातोडीच्या नेमक्या ठोक्यांनी धातू दबतो, घट्ट होतो आणि उजळतो. रशियन पत्र्याची जिल्हई अशीच ठोकून आलेली होती, फक्त ती तांब्याची नव्हती, लोखंडाच्या स्वतःच्या ऑक्साइडची होती.

युरोप-अमेरिकेत या पत्र्याबद्दल दंतकथा पसरल्या होत्या. उरलमधले कारागीर कारखान्याबाहेर पाऊल टाकू शकत नाहीत, कृती जिवापाड गुप्त ठेवली जाते, वगैरे. १८७१ मध्ये जॉन पर्सी या इंग्रज धातुशास्त्रज्ञानं लंडनमध्ये एक छोटं पुस्तक काढलं आणि कारखाने प्रत्यक्ष पाहिलेल्यांची वर्णनं त्यात छापली. ती वाचल्यावर कळतं की लपवण्यासारखं फारसं काही नव्हतंच. स्वस्त जळण, स्वस्त मजूर आणि ठोकण्याचा न संपणारा धीर, एवढंच भांडवल होतं. ते दुसऱ्या देशाला परवडत नव्हतं. पेनसिल्व्हेनियातल्या मॅकीस्पोर्टमध्ये डब्ल्यू. ड्यूईज वुड यांच्या कारखान्यानं या धर्तीवर अमेरिकन पत्रा काढला आणि तो इंजिनांवर चढलाही. पण विसाव्या शतकात रेल्वे कंपन्यांनी काटकसरीचा मार्ग धरला. पितळ पुसायला माणसं लागत, ती कमी झाली. इंजिनं काळी झाली. रशियातही जुनी घणपद्धत मागे पडली. निझ्नी तागीलचा जुना देमिदोव कारखाना १९८७ मध्ये बंद होऊन आता संग्रहालय झाला आहे. वेर्ख-इसेत्स्कमध्ये आजही पत्रा बनतो, पण तो ट्रान्सफॉर्मरसाठी लागणारा विद्युत पोलादाचा.

म्हणून आज जगात कुठल्याही दुकानात हा पत्रा मिळत नाही. जुनं अमेरिकन इंजिन मूळ रूपात आणायचं तर चाक ओतून घेता येतं, घंटा ओतून घेता येते, बॉयलरही नवा बांधता येतो. बॉयलरवरचा पत्रा काही केल्या मिळत नाही.

सॅक्रामेंटोहून इंटरस्टेट ८० धरला की रस्ता सिएरा नेवाडा चढू लागतो. सेंट्रल पॅसिफिकचा मार्ग याच डोंगरातून गेला. डॉनर खिंडीची उंची ७,००० फुटांवर आहे. तिथला जुना बोगदा चिनी मजुरांनी कठीण ग्रॅनाइट फोडून खणला, लांबी १,६५९ फूट. १९९३ मध्ये तो मार्ग सोडून देण्यात आला. खिंडीत थांबलात तर मजुरांनी रचलेली दगडी भिंत जरूर बघा. दीडशे वर्षांहून अधिक काळ ती चुन्याशिवाय उभी आहे.

डोंगर उतरल्यावर हवा एकदम कोरडी होते, झाडं संपतात आणि नेवाडा सुरू होतो. कार्सन सिटी ही त्या राज्याची छोटीशी राजधानी. इथल्या नेवाडा स्टेट रेलरोड म्युझियममध्ये बाल्डविनची १८७५ सालची दोन इंजिनं चालत्या स्थितीत आहेत. एक ‘इन्यो’. १९३७ मध्ये पॅरामाउंट या चित्रपट कंपनीनं ते विकत घेतलं आणि पुढची कित्येक वर्षं ते पडद्यावर झळकलं. १९७४ मध्ये नेवाडा राज्यानं ते परत मिळवलं आणि १९८३ मध्ये त्याच्यात पुन्हा वाफ भरली. दुसरं ‘ग्लेनब्रुक’, लेक टाहोच्या काठी लाकूड वाहणारं अरुंद मार्गाचं इंजिन. ते २०१५ मध्ये दुरुस्त होऊन लोकांपुढे आलं.

चालत्या इंजिनाचा पत्रा हा वेगळाच विषय आहे. संग्रहालयात नुसतं उभं राहायचं असेल तर दिसलं की भागतं. धावणाऱ्या इंजिनावर ऊन, पाऊस, तेल, वाफ, राख सगळं येतं. शिवाय अमेरिकन रेल्वे सुरक्षा नियमांनुसार वाफेच्या इंजिनाची १,४७२ सेवादिवस किंवा १५ वर्षं, यातलं जे आधी भरेल तेव्हा संपूर्ण तपासणी होते. त्यासाठी जॅकेट उतरवून बॉयलर उघडा करावा लागतो. तेव्हा नकली पत्रा असा हवा की तो काढता-घालताना ओरखडणार नाही आणि पोपडे धरणार नाही.

दुरुस्तीवाल्यांपुढे मार्ग आहेत, पण प्रत्येकाला खोट आहे. पहिला, साध्या पोलादी पत्र्यावर राखाडी रंग द्यायचा, त्यात थोडी ग्राफाइट किंवा ॲल्युमिनियमची पूड मिसळायची. स्वस्त आणि टिकाऊ, पण रंगाला खोली येत नाही. उजेड वरच्यावर परततो. दुसरा, पोलाद तापवून त्यावर रंग चढू द्यायचा. घासून स्वच्छ केलेलं पोलाद साधारण २३० अंशांना गवती पिवळं दिसतं, २८० ला जांभळं, ३०० च्या आसपास निळं, आणि त्यापुढे राखाडी. ऐकायला सोपं, पण मोठ्या पत्र्याच्या प्रत्येक कोपऱ्याला तेवढीच आच लागणं अवघड. एका टोकाला निळं, दुसऱ्याला जांभळं होतं. हा थर इतका पातळ असतो की तेलाचा हात फिरवला नाही तर पत्रा तांबारतो. तिसरा मार्ग बंदुकवाल्यांचा. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या सुमारे १४० अंशांच्या उकळत्या द्रावणात पत्रा बुडवला की मॅग्नेटाइटचाच थर बसतो. रसायन म्हणून हा मूळच्या सर्वांत जवळचा, पण अख्खा पत्रा बुडेल एवढी टाकी हवी, शिवाय या थरामागे घणाची ताकद नाही. चौथा मार्ग, स्टेनलेस स्टील घोटून त्यावर राखाडी छटेचा पारदर्शक लॅकर मारायचा. गंजाची काळजी मिटते आणि आरशासारखं प्रतिबिंबही मिळतं, फक्त ओरखडा पडला की आतली पांढरी चकाकी उघडी पडते.

मग खरा पत्रा दिसतो तरी कसा? तो मला पाहायला मिळाला व्हर्जिनिया सिटीत, कार्सन सिटीहून डोंगर चढून गेल्यावर. १८५९ मध्ये इथं चांदीची प्रचंड शीर सापडली आणि उजाड डोंगरावर शहर उभं राहिलं. मुख्य रस्त्यावरच्या जुन्या वस्तूंच्या एका दुकानात बैठकीच्या खोलीतली एक शेगडी होती. ओतीव लोखंडाचे पाय, वर नक्षीचं झाकण आणि मधलं नळकांडं पत्र्याचं. रशियन पत्रा इंजिनांइतकाच शेगड्यांना आणि धुराड्यांना वापरला जाई.

मी गुडघ्यावर बसून नाक लागेल इतक्या जवळून पाहिलं. लांबून सपाट वाटणाऱ्या पत्र्यावर फिकट-गडद ठिपक्यांची जेमतेम जाणवणारी नक्षी होती. घणाच्या तोंडाची ती खूण. नखानं ओढलं तर उमटलं काही नाही. तळाशी, जिथं कुणी पत्रा कापून छेद घेतला होता, तिथं कडेला तांबडा गंज होता आणि दोन बोटं वर पुन्हा तीच गुळगुळीत चकाकी. रंग? माझ्या निळ्या शर्टाची बाही जवळ गेली की निळसर. भाच्यानं पांढरा कागद धरला की रुपेरी राखाडी. दाराबाहेरचा तपकिरी डोंगर त्यात उतरला की किंचित हिरवट. काढून दाखवावा असा एकच रंग त्या पत्र्याला नव्हता.

जुन्या इंजिनांच्या रंगाबद्दल जे वाद झाले त्यांचं मूळ इथं आहे. कारखान्यांच्या जाहिरातींसाठी छापलेल्या रंगीत शिळाचित्रांत बॉयलर निळा दाखवलेला असतो. चित्रकारानं चकाकत्या पत्र्यात आकाश रंगवलं. ते आकाश आहे हे न ओळखता नंतर अनेक ठिकाणी लोकांनी बॉयलर चक्क निळ्या रंगानं रंगवले. जुने फोटोही साक्षीला पुरत नाहीत. त्या काळची ओली कलोडियन काच निळ्या प्रकाशाला संवेदनशील आणि लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळी होती. त्यामुळे फोटोत निळं ते पांढुरकं आणि लाल ते काळं दिसतं. एकोणिसाव्या शतकातली सगळी इंजिनं काळी होती, हा समज पसरायला त्या काचांनी थोडीथोडकी मदत केली नाही. जो संशोधक कागद, जुन्या रंगाचे खरवडून काढलेले थर आणि वापरातल्या वस्तू, तिन्ही पडताळतो, त्याच्याच हाती काही लागतं. डलासच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठातल्या डीगोल्यर ग्रंथालयात बाल्डविनच्या ऑर्डरींचे तपशील जपून ठेवलेत, या कामात त्यांचा मोठा आधार होतो.

नेवाडाची लांबलचक वाळवंटी रुंदी ओलांडून उटाहमध्ये शिरलं की ब्रिगहॅम सिटीच्या पश्चिमेला प्रॉमन्टरी लागतं. १० मे १८६९ रोजी पूर्वेकडून आलेली युनियन पॅसिफिक आणि पश्चिमेकडून आलेली सेंट्रल पॅसिफिक इथं जोडली गेली. ए. जे. रसेल यांचा प्रसिद्ध फोटो आहे ना, दोन इंजिनं समोरासमोर आणि माणसं बाटल्या उंचावून हात मिळवताहेत, तो इथलाच. डावीकडचं ‘ज्युपिटर’, उजवीकडचं ११९ क्रमांकाचं. गंमत म्हणजे ‘ज्युपिटर’चा मान मुळात त्याचा नव्हता. पाहुण्यांची गाडी ‘अँटिलोप’ नावाचं इंजिन ओढत होतं. रुळावर आलेल्या ओंडक्याला धडकून ते जायबंदी झालं आणि इतिहासात जागा मिळाली ‘ज्युपिटर’ला. इतिहासानं पुढे त्यांची कदर केली नाही. ११९ क्रमांकाचं इंजिन १९०३ मध्ये आणि ‘ज्युपिटर’ १९०९ मध्ये भंगारात गेलं.

आज तिथं दिसतात ती १९७९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या कोस्टा मेसातल्या ओ’कॉनर इंजिनिअरिंगनं बांधलेली प्रतिरूपं. मूळ आराखडे नसल्यामुळे जुने फोटो मोजून शेकडो आराखडे नव्यानं काढावे लागले. रंगयोजनेत डिस्नेचे ॲनिमेटर आणि हाडाचे रेल्वेवेडे वॉर्ड किंबल यांचा हात होता. ‘ज्युपिटर’ तेव्हा लाल होतं. पुढच्या संशोधनानंतर ते निळं आणि किरमिजी झालं. नव्या पुराव्यापुढे जुना रंग बदलायला लाजायचं नाही, ही तिथली वृत्ती मला आवडली. ‘ज्युपिटर’ लाकडावर चालतं, ११९ कोळशावर. मोसमात दोन्ही इंजिनं वाफेवर धावतात आणि माळावर त्यांच्या शिट्ट्या लांबवर ऐकू येतात.

तीनही ठिकाणं पाहून माझं मत असं झालं. रशियन पत्रा पुन्हा बनवता येणार नाही असं नाही. कृती पर्सीच्या पुस्तकात आहे आणि रसायन तर शाळेतलं आहे. पण एका बॉयलरपुरता पत्रा हवा म्हणून कुणी उरलमधला कारखाना उभारणार नाही. तेव्हा नक्कल अपरिहार्य आहे, आणि नक्कल करण्यात कमीपणा नाही. चालतं इंजिन असेल तर मी घोटलेल्या पोलादाच्या बाजूचा आहे, कारण उजेडाशी त्याचं वागणं मूळ पत्र्यासारखं असतं. नुसता राखाडी रंग तिथं कमी पडतो. मात्र कुठला भाग मूळचा आणि कुठला आजचा, हे पाटीवर लिहिलेलं असावं.

कुणाला हा प्रवास करायचा असेल तर मे ते सप्टेंबर हा काळ निवडा. हिवाळ्यात डॉनर खिंडीत बर्फ असतं आणि प्रॉमन्टरीची इंजिनं इंजिनघरात असतात. ‘इन्यो’ आणि ‘ग्लेनब्रुक’ ठरावीक दिवशीच चालतात, म्हणून तारखा आधी बघून निघा. प्रॉमन्टरीला जाताना पेट्रोल आणि खाणं ब्रिगहॅम सिटीतच घ्या, पुढे काही मिळत नाही.

आणि एक आपल्या घरचं. आपल्याकडे स्टेशनांबाहेर, कारखान्यांच्या आवारात, साखर कारखान्यांच्या फाटकापाशी जुनी वाफेची इंजिनं चौथऱ्यावर उभी आहेत. कुठला तरी समारंभ आला की त्यांना चकचकीत ऑइलपेंटचा हात बसतो. ज्यांच्या हाती हे काम असतं त्यांना विनंती एवढीच, की ब्रश लावण्याआधी एखाद्या आडोशाच्या जागी तळहाताएवढा भाग थराथरानं खरवडा, निघालेल्या प्रत्येक थराचा फोटो काढा, आणि तारीख घालून तो कागद इंजिनाच्या फायलीत लावा. याला खर्च जवळजवळ काही नाही.